विश्लेषण : दुर्मीळ ‘कटाना’ला हुडकेश्वरच्या गॅरेजमधून सलाम ठोकता येईल का? बाइक मॉडिफिकेशनचा कायदा नेमका कुठे अडतो?

म्हाळगी नगर चौक ओलांडून हुडकेश्वर रोडने पुढे निघाले की वाढते नागपूर दिसते. एकामागून एक लेआउट, अर्धवट बांधलेली घरे, आणि अधूनमधून दुचाकीचे गॅरेज, वेल्डिंगचे दुकान, सीट-कव्हरवाला, रेडियमवाला. एखादी बाइक उघडून नव्याने बांधायची तर लागणारी बहुतेक कामे अशा रस्त्यावर हाकेच्या अंतरावर होऊन जातात. लेथचे नाजूक काम असेल तर हिंगणा एमआयडीसी आहेच.

समजा, इथल्या एका तरुणाकडे सुझुकी जिक्सर २५० आहे. मोबाइलवर १९८१ च्या सुझुकी कटानाचा फोटो पाहिला आणि तो त्याच्या डोक्यात बसला. चंदेरी रंग, चाकूच्या पात्यासारखे पुढे निघालेले नाक, टाकीपासून सीटपर्यंत न तुटणारी एकच रेघ. ती बाइक विकत मिळणे शक्य नाही, म्हणून तो आपल्याच गाडीला ते रूप द्यायचे ठरवतो. ‘‘भाऊ, हे असं बनन का?’’ मिस्त्री फोटो मोठा करून पाहतो. ‘‘बनन ना जी, पण टाइम लागन.’’

वेळ लागेल, पैसे लागतील आणि गाडी होईलही. खरा प्रश्न ती गॅरेजबाहेर निघाल्यावर सुरू होतो. आपल्या आवडीच्या दुर्मीळ बाइकला मानवंदना म्हणून बांधलेली गाडी भारतातल्या रस्त्यावर कायद्याने चालवता येते का? सरळ उत्तर ‘जवळपास नाही’ असे आहे. आणि ते ‘जवळपास’च या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

कटानाच का?

कटाना म्हणजे जपानी तलवार. जीएसएक्स ११००एस कटानाचे पहिले रूप १९८० मध्ये जर्मनीतील कोलोनच्या प्रदर्शनात दिसले आणि १९८१ मध्ये ती विक्रीला आली. रेखाटन जपानी नव्हते. बीएमडब्ल्यू सोडून आलेल्या हान्स मूथ यांच्या ‘टार्गेट डिझाइन’ या जर्मन संस्थेचे ते काम. १,०७४ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे १११ अश्वशक्ती. त्या काळच्या सर्वांत वेगवान उत्पादित मोटारसायकलींत तिची गणना होत असे. दिसायला ती इतकी वेगळी होती की पाहणाऱ्यांचे सरळ दोन तट पडले. २००० मध्ये सुझुकीने १,१०० गाड्यांची शेवटची आवृत्ती काढून ती बंद केली. भारतात ती रीतसर कधी विकलीच गेली नाही.

पुढची गोष्ट या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. २०१७ मध्ये मिलानच्या आयक्मा प्रदर्शनात ‘कटाना ३.०’ नावाची एक गाडी मांडली गेली. ती सुझुकीने बनवली नव्हती. इटलीच्या ‘मोटोचिक्लिस्मो’ मासिकाच्या पुढाकाराने, रोदोल्फो फ्रास्कोली यांच्या रेखाटनावरून, ‘इंजिन्स इंजिनिअरिंग’ या इटालियन कंपनीने ती बांधली होती. खाली सुझुकीचीच चालू मॉडेल जीएसएक्स-एस१००० होती, वर जुन्या कटानाची आठवण. म्हणजे हुडकेश्वरचा तरुण जिक्सरवर जे करू पाहतो, नेमके तेच. पैसा आणि हत्यारे मोठी, एवढाच फरक. लोकांना ती इतकी आवडली की वर्षभरात, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सुझुकीने कोलोनला तिच्यावरून घेतलेली अधिकृत कटाना जाहीर केली. जुलै २०२२ मध्ये ती भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत होती १३.६१ लाख रुपये.

बाहेरच्यांनी बांधलेल्या मानवंदनेतून कंपनीचे आख्खे उत्पादन उभे राहिले. मॉडिफिकेशन म्हणजे रिकामटेकड्या पोरांचे उद्योग, असे म्हणणाऱ्यांनी ही साखळी एकदा पाहावी. अर्थात इटलीतली ती गाडीही प्रदर्शनातली होती, रस्त्यावरची नव्हती. पण अशी गाडी रस्त्यावर आणायची झाली तर युरोपात त्यासाठी एक खिडकी आहे. आपल्याकडे ती नाही. त्याबद्दल पुढे.

जपानमध्येही झाली होती ‘तलवारबंदी’

कटानाच्या वाट्याला मॉडिफिकेशनचा वाद जन्मापासूनच आला, हे कमी लोकांना माहीत आहे. त्या काळी जपानच्या देशी बाजारात ७५० सीसीपेक्षा मोठी बाइक विकली जात नव्हती. म्हणून १९८२ मध्ये तिथे ७५० सीसीची कटाना आली. मात्र मूळ रेखाटनातले खाली झुकलेले हँडल तिथल्या नियमांत बसेना, त्यामुळे त्याजागी उंच हँडल आले. तलवारीसारख्या गाडीवर ते इतके विजोड दिसे की लोकांनी त्याला शेतीच्या पॉवर टिलरच्या हँडलचे नाव दिले. विदर्भातल्या वाचकाला हे दृश्य वेगळे समजावून सांगायला नको.

मग मालकांनी व्हायचे तेच केले. ११०० सीसीच्या गाडीचे खाली झुकलेले हँडल आणून बसवले. पोलिसांनी अशा गाड्या अडवायला सुरुवात केली. या मोहिमेला जपानी बाइकस्वारांनी ‘कटाना-गारी’ म्हटले. १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेतली होती, त्या इतिहासप्रसिद्ध तलवारजप्तीचे हे नाव. गंमत म्हणजे बसवलेले हँडल त्याच कंपनीचे, त्याच रेखाटनाचे होते. पुढे १९९० च्या दशकात जपानने किरकोळ भाग बदलण्याचे नियम बरेच सैल केले आणि आज तिथला सुट्या, बदली भागांचा उद्योग जगभर माल विकतो.

भारतातला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ या प्रश्नाचा गाभा आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला, म्हणजे आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा कोणताही बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते. केरळ उच्च न्यायालयाने याचा काहीसा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात तो रद्द केला आणि उत्पादकाचे मूळ तपशीलच अंतिम, असे स्पष्ट केले.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडाची बाजू कडक झाली. कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या, त्यात बाहेरचे भाग बसवणेही आले, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचायला हवेत. हँडल, सायलेन्सर, मागचा मडगार्ड, सीट आणि चाक असे पाच बदल कोणी मोजले तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे आकडा २५,००० वर जातो.

आता त्या ‘जवळपास’कडे येऊ. आरसीवर चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, सीसी, आसनक्षमता, वजन, रंग, इंधन अशा गोष्टी असतात. हेडलाइटभोवतीच्या फायबरच्या आवरणाचा, म्हणजे फेअरिंगचा आकार तिथे कुठेच लिहिलेला नसतो. मग कटानाचे नाक लावले तर कलम ५२ मोडले का? आरसीच्या शब्दांत पाहिले तर नाही. पण १८२-अ मध्ये ‘परवानगी नसलेल्या पद्धतीने भाग बसवणे’ हेही आहे, आणि परवानगी मागायची कुठे हे कोणी सांगत नाही. रंगाचे तरी बरे आहे, तो बदलला तर आरटीओत जाऊन नोंद करता येते. नाकाची नोंद होईल असा रकानाच नाही.

अशा वेळी निर्णय घेतो चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस. त्याच्यासमोर एक चमकणारी, ओळखू न येणारी गाडी येते. ती वेल्डिंग न करता, नट-बोल्टने, मूळ चौकटीला धक्का न लावता बांधली आहे की कोणी ग्राइंडरने मागचा भाग कापून टाकला आहे, हे दोन मिनिटांत त्याला कळणार कसे? त्याला ते तपासण्याचे शिक्षण नाही आणि साधनही नाही. मग तो आवाजावरून किंवा दिसण्यावरून ठरवतो. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने वेगळे काही केले नसते.

इंजिन काढून टाकता येते, नाक लावता येत नाही

कायद्यात बदलाला वावच नाही, असे मात्र नाही, आणि विसंगती इथेच दिसते. कलम ५२ मध्येच सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायची मुभा आहे. ठाण्याच्या ‘गोगोए१’ या कंपनीने हीरो स्प्लेंडरसाठी असे इलेक्ट्रिक किट आणले, त्याला मान्यताही मिळवली. म्हणजे स्प्लेंडरचे इंजिन आख्खे काढून त्याजागी बॅटरी आणि मागच्या चाकात मोटर बसवणे कायदेशीर आहे, कारण त्या किटची चाचणी झाली आहे. दिव्यांग व्यक्तीला आपले वाहन नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेने अनुकूल करून घेता येते. याखेरीज, विशिष्ट कारणासाठी इतर प्रकारच्या बदलांना सूट देण्याचा अधिकारही याच कलमाने केंद्र सरकारला दिला आहे.

थोडक्यात, तत्त्व मान्य आहे. चाचणी झालेला बदल चालतो. अडचण एवढीच की चाचणीची सगळी रचना कंपन्यांसाठी, हजारोंनी निघणाऱ्या मालासाठी आहे. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, भोसरीची सीआयआरटी या संस्था एखाद्या मॉडेलचा नमुना तपासून मान्यता देतात. एकाच माणसाने बांधलेली एकच गाडी घेऊन जावे, असा त्यांच्या दारात रस्ता नाही.

ब्रिटनमध्ये आहे. ‘मोटारसायकल सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ या नावाने एकेका गाडीची तपासणी होते. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, टोकदार कडा, आरसे सगळे पाहतात आणि उत्तीर्ण झाली तर ती नोंदवता येते. जर्मनीत तांत्रिक तपासणी संस्थेचा अभियंता बदल पाहून तो गाडीच्या कागदावर चढवतो. न्यूझीलंडमध्ये कमी संख्येच्या वाहनांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे, गाडीवर त्याची पट्टी लागते. त्याच न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला, जॉन ब्रिटन नावाच्या माणसाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मूठभर मित्रांसह व्ही१००० ही रेसिंग बाइक हाताने बांधली. इंजिनसुद्धा स्वतःचे. अशा एकूण दहाच गाड्या झाल्या. जगातल्या सर्वांत दुर्मीळ स्पोर्टबाइकमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. ब्रिटन १९९५ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला आणि त्याची एक गाडी आज वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधण्याकडे तो देश कसा पाहतो, हे यावरून कळते.

पण मिस्त्रीला सगळे जमते का?

इथे मॉडिफिकेशनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरा थांबायला हवे. कायदा आंधळा असला तरी त्यामागची भीती खोटी नाही.

बाइक सरळ का धावते? ऑफिसच्या खुर्चीचे चाक आठवा. खुर्ची ढकलली की चाक आपोआप मागे वळते आणि ओढल्यासारखे मागून येते, कारण ते आपल्या दांडीच्या थोडे मागे जमिनीला टेकते. बाइकचे पुढचे चाकही तसेच. हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला जिथे भिडते, त्याच्या थोडे मागे टायर टेकतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. स्पोर्टबाइकमध्ये फोर्कचा कल साधारण २४-२५ अंशांचा आणि ट्रेल जेमतेम ९-१० सेंटिमीटरचा असतो. नाक खाली दिसावे म्हणून फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवला, किंवा शेपूट उचललेली दिसावी म्हणून मागचा शॉकॲब्सॉर्बर लांब केला, की हे अंतर घटते. गाडी वळायला चपळ होते आणि वेगात हँडल थरथरू लागते. गल्लीत ते जाणवत नाही. आउटर रिंग रोडवर ट्रकच्या मागून बाहेर पडताना जाणवते.

रुंद टायरचेही तसेच. मोठ्या बाइकचा टायर जिक्सरच्या मूळ रिमवर चढवला की तो कडांनी आवळला जातो, त्याचा गोलावा बदलतो, वळणात धरतो तो भाग कमी होतो, शिवाय चेन घासायला लागते. खाली झुकलेले क्लिप-ऑन हँडल लावले तर शरीराचा भार मनगटावर येतो आणि हँडल पूर्ण वळत नाही. फेअरिंग चुकीच्या जागी आले तर गर्दीत यू-टर्न घेताना अंगठा टाकी आणि हँडलमध्ये अडकतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, ऑइल कूलरसमोरची हवा फायबरने अडवली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत वाईट म्हणजे चौकटीवरचे वेल्डिंग. फोर्क जिथे चौकटीला जोडला जातो, त्या भागावर ब्रेक लावताना सगळा जोर येतो. तिथे किंवा त्याच्या जवळ वेल्डिंग केले की उष्णतेने आजूबाजूच्या धातूचे गुण बदलतात. वरून रंग मारला की काहीच दिसत नाही. तडा काही महिन्यांनी, खड्ड्यात चाक आदळल्यावर जातो आणि तेव्हा मागे बहुधा कोणी तरी बसलेले असते.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. चाक बदलताना त्याची सेन्सर-रिंग जुळत नाही म्हणून वायर काढून टेपने बांधून ठेवण्याचा उद्योग काही गॅरेजांत चालतो. याला मानवंदना म्हणता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण मागतो. सीट कापून एकट्याची केली, मागचे सगळे काढले, की फोटो सुंदर येतो. पण साडी किंवा ओढणी चाकात गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो आहोत.

मग सलाम कुठला आणि सोंग कुठले? फरक दिसण्यात नाही. फायबरचे नाक चढवून, बाजूला दुसऱ्याच बाइकचे स्टिकर मारून, खाली तोच निम्मा झिजलेला टायर ठेवणारी गाडी सोंग आहे. मूळ चौकट, ब्रेक, एबीएस जसेच्या तसे ठेवून, बोल्टने बसणारे आणि पुन्हा काढता येणारे भाग बनवून, कागदावर मापे काढून केलेले काम सलाम आहे. असे काम करणारे मिस्त्री आणि पोरे आहेत. आजच्या कायद्यात दोघांची किंमत सारखीच, ही खरी तक्रार आहे.

आवाजाचे काय?

या एका बाबतीत तडजोड नको. धडधडत्या, फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरने मॉडिफिकेशन या शब्दाला जितके बदनाम केले तितके दुसऱ्या कशाने नाही. उत्पादनाच्या वेळी दुचाकीला आवाजाची मर्यादा घालून दिलेली आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. आतली जाळी काढलेला सायलेन्सर ही मर्यादा सहज ओलांडतो. कलम १९० (२) खाली आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. नागपूरसह राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, तेव्हा सामान्य माणसाने टाळ्याच वाजवल्या. रात्री अकराला लेआउटमधून असा एक सायलेन्सर गेला की झोपलेले मूल आणि दम्याचा रुग्ण दोघेही जागे होतात. त्या टाळ्या चुकीच्या नव्हत्या.

जुन्या कटानाला तिच्या काळात लोकांनी डोळ्यांनी ओळखले. तिच्या नावाने शेजाऱ्यांचे कान फोडायची गरज कोणालाच नाही. पण होते असे की आवाजाचा राग सगळ्याच मॉडिफिकेशनवर निघतो आणि गप्प गाडी बांधणारा त्याच रोलरखाली येतो.

कॉलेजच्या मैदानात शाब्बासकी, चौकात चलान

दुसरी एक विसंगती नागपूरला जवळून दिसते. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेसाठी शून्यापासून गाडी बांधतात. नळ्या वाकवतात, वेल्डिंग करतात, सस्पेन्शनची गणिते मांडतात. इंदूरजवळच्या पीथमपूरमधल्या नॅट्रॅक्सच्या मैदानात परीक्षक त्यांचा प्रत्येक जोड तपासतात आणि मगच गाडी शर्यतीत उतरू देतात. या मुलांना नोकरी देताना वाहन कंपन्या हा अनुभव पाहतात. ती गाडी रस्त्यावर येत नाही, हे खरे. पण तपासणी करून विश्वास ठेवता येतो, हे तिथे दरवर्षी सिद्ध होते.

राज्याचा औद्योगिक चेहराही याच धंद्यावर उभा आहे. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून केटीएमच्या लहान स्पोर्टबाइक जगभर जातात. २०१६ मध्ये बजाजनेच मोडीत निघालेल्या ‘आयएनएस विक्रांत’चे पोलाद वापरून ‘व्ही१५’ ही बाइक काढली; लोकांनी ती मानवंदना म्हणूनच विकत घेतली. मुंबईच्या महिंद्रा समूहाने बीएसए हे जुने ब्रिटिश नाव घेतले आणि १९३८ मध्ये सुरू झालेल्या ‘गोल्ड स्टार’च्या आठवणीवर नवी गोल्ड स्टार उभी केली. मोठ्या कंपनीने जुन्या बाइकची आठवण विकली तर तो वारसा ठरतो, गॅरेजने केली तर गुन्हा. भांडवल असलेल्याला चाचणीचा खर्च परवडतो, एवढेच या फरकाचे खरे कारण आहे.

जुन्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये चांगला मार्ग काढला. ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आली, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे मूळ वस्तू जपणाऱ्याला सरकारने ओळख दिली, तिची आठवण नव्याने घडवणाऱ्याला नाही.

याच धर्तीवर मर्यादित संख्येच्या, हाताने बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी का नसावी? शुल्क घ्या. एकेका गाडीची तपासणी करा, ब्रेकचे अंतर मोजा, आवाज मोजा, चौकटीवर वेल्डिंग असेल तर थेट नापास करा. बांधणाऱ्या गॅरेजचे नाव कागदावर चढवा, म्हणजे अपघात झाला तर जबाबदारी कोणाची हे ठरलेले राहील. आज ती कोणाचीच नसते. मिस्त्री हात वर करतो आणि विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून नुकसानभरपाईचा दावा नाकारू शकते. कायद्यात नवे कलम घालायचीही गरज नाही. सूट देण्याचा केंद्राचा अधिकार कलम ५२ मध्ये आधीच आहे, आणि ते खाते २०१४ पासून नितीन गडकरी यांच्याकडे, म्हणजे नागपूरच्याच खासदाराकडे आहे. हुडकेश्वरपासून हा पत्ता फार लांब नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्या देशात साध्या गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र एजंटमार्फत निघते असे लोक उघड बोलतात, तिथे एकेका गाडीची तपासणी कोण प्रामाणिकपणे करणार? म्हणून हे काम प्रत्येक आरटीओकडे न देता आधी एआरएआय किंवा व्हीआरडीईसारख्या एक-दोन संस्थांतच ठेवणे शहाणपणाचे. नागपूरच्या माणसाला गाडी टेम्पोत घालून पुण्याला न्यावी लागेल. ज्याला खरेच सलाम ठोकायचा आहे तो नेईल, ज्याला फक्त आवाज करायचा आहे तो तेवढे कष्ट घेणार नाही.

तोपर्यंत काय करता येते?

रंग बदलून आरसीवर नोंद करता येते. मूळ भागांच्याच मापाचे, ब्रेक-दिवे-आरशांना हात न लावणारे आणि काढता येणारे भाग लावले तर धोका कमी असतो, शून्य नसतो. सायलेन्सर कंपनीचाच ठेवावा. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. चौकट कापायचीच असेल तर ती गाडी रस्त्यासाठी नाही, हे आधी मान्य करावे. ती खासगी जागेत किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर चालवावी, नाही तर हॉलमध्ये उभी करावी.

असे काम करणारे शहाणे मिस्त्री आणखी एक सल्ला देतात: काढलेला एकही भाग भंगारात घालू नका. मूळ हेडलाइट, मडगार्ड, हँडल, सीट, सगळे पोत्यात भरून माळ्यावर ठेवा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१९ मध्ये घेतलेल्या जिक्सरची मुदत २०३४ मध्ये संपेल आणि नूतनीकरणाच्या वेळी मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर उभी करून पाहील. त्या दिवशी कटानाचे नाक गॅरेजमध्ये राहील आणि पोते खाली उतरेल.